झाल्यात जमा

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही साखर कारखान्यांसाठी ऊस वजनाचं आणि ऊस बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो. प्रोग्राम लिहिणारे वेगळे, तपासणारे वेगळे. नवी आवृत्ती कारखान्यावर नेऊन चालू करून देणं, म्हणजे डिप्लॉयमेंट, हे माझं काम. या कामात नऊ हंगाम गेले. त्यातल्या दोन रात्रींबद्दल लिहायचं आहे.

ज्यांनी कारखान्याचं यार्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उसाचं वाहन येतं, काट्यावर त्याचं भरलेलं वजन होतं. मग ते नंबराने गव्हाणीकडे, म्हणजे गाळपासाठी ऊस ओततात तिकडे, जातं, ऊस खाली होतो आणि रिकामं वजन करायला ते परत काट्यावर येतं. दोन वजनांमधला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. दोन्ही वजनं मिळून एक खेप होते आणि त्या खेपेची पावती निघते. आडसाली लागण असेल तर ती पावती दीड वर्षाच्या कष्टाचा हिशेब असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि ते याच पावतीवरून निघतात. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३४० रुपये होती. एका ट्रॉलीत शंभर किलोंची चूक झाली की ठोक हिशेबाने ३४० रुपये इकडचे तिकडे झाले. कारखाना हंगामात दिवसरात्र चालतो, तोडलेला ऊस तासातासाला सुकत असतो, बैलगाड्यांचे बैल रांगेत उभे असतात. अशा ठिकाणी ‘जरा सिस्टिम बंद आहे’ असं सहज म्हणता येत नाही.

पहिली रात्र सोलापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यावरची. तिथे चार वजनकाटे. हार्वेस्टरने तोडलेल्या उसात पाचट जास्त येतं, म्हणून त्याच्या वजनातून वजावट करण्याची सोय नव्या आवृत्तीत होती. त्यासाठी वजनाच्या तक्त्यात ‘तोडणीचा प्रकार’ असा एक रकाना वाढवायचा होता आणि काट्यांवरच्या चारही संगणकांवर नवा प्रोग्राम घालायचा होता. आमची यादी तेव्हा एक्सेलमध्ये होती. २२ ओळी. एका बाजूला कामाचं नाव, मधे ‘जबाबदारी’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘टीम’, शेवटी ‘झालं / नाही’.

मी पुण्यातून फोनवर होते, कारखान्यावर आमचा एक नवा मुलगा. रात्री अडीचला मी विचारलं, “चारही काट्यांवर झालं का?”

“झाल्यात जमा आहे, मॅडम.”

मी ‘झालं’ लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

घडलं होतं ते असं. काटा ३ च्या केबिनला कुलूप होतं, चावी घेऊन क्लार्क काका जेवायला गेले होते. मुलाने बाकीचे तीन संगणक उरकले, काका आले की चौथा करू असं ठरवलं. तेवढ्यात काटा १ चा प्रिंटर अडकला म्हणून तो तिकडे धावला. काका आले, त्यांनी संगणक चालू केला, जुना प्रोग्राम उघडला आणि वजनं सुरू झाली. कसलीही तक्रार न येता. कारण नव्या रकान्यात काही भरलं नाही तर आपोआप ‘हाताने’ असं पडेल, अशी व्यवस्था आम्हीच करून ठेवली होती. जुन्या प्रोग्रामला तो रकाना माहीतच नव्हता, त्यामुळे हार्वेस्टरचा ऊसही ‘हाताने’ म्हणून नोंदला जात राहिला आणि वजावट झालीच नाही.

सकाळी साडेनऊला ऊस हिशेबातल्या एका क्लार्कच्या लक्षात आलं की काटा ३ वर रात्रभरात हार्वेस्टरची एकही खेप नाही. तोवर त्या काट्यावरून १४३ खेपा होऊन गेल्या होत्या. त्यांतल्या ३८ हार्वेस्टरच्या.

पैशांत मोजलं तर ही फार मोठी चूक नव्हती. पण ऊसपट्ट्यात ‘काटामारी’, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवून फसवणं, हा शब्द किती जिव्हारी लागतो ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. पावती शेतकऱ्याच्या हातात पडलेली होती. ती परत मागून कमी वजनाची द्यायची म्हणजे कारखान्याने काटा मारला असंच कुणालाही वाटणार. पहिल्याच शेतकऱ्याने फोनवर विचारलं, “आधी जास्त दाखवलं, आता कमी करताय. मग खरं वजन कुठलं?” वजन दोन्ही वेळी खरंच होतं, फरक वजावटीचा होता, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचं समाधान झालं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. शेवटी कारखान्याने त्या ३८ खेपांची वजावट सोडून दिली आणि पावत्या होत्या तशा ठेवल्या.

त्या सकाळी मी आणखी एक चूक करता करता राहिले. घाबरून मी म्हटलं, चारही काट्यांवर जुना प्रोग्राम परत घाला. आमच्या डेटाबेसवाल्या सहकाऱ्याने मला थांबवलं. “तीन काटे बरोबर चाललेत. ते बिघडवायचे आहेत का?”

पुढे कधीतरी मी नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर दलाल कंपनीची हकीकत वाचली आणि अंगावर काटा आला. १ ऑगस्ट २०१२ ची गोष्ट. न्यूयॉर्क शेअर बाजारात त्या दिवशी नवी योजना सुरू होणार होती, तिच्यासाठी कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम घातला होता. प्रत्यक्षात सातांवरच गेला, आठवा राहिला. त्या आठव्यावर ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला जुना भाग अजून शिल्लक होता, आणि नव्या योजनेसाठी वापरलेल्या खुणेने नेमका तोच जागा झाला. बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून जास्त सौदे झाले, तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. चूक शोधण्याच्या गडबडीत लोकांनी बरोबर असलेल्या सात सर्व्हरवरूनच नवा प्रोग्राम काढून टाकला, त्याने बिघाड आणखी वाढला. अमेरिकेच्या बाजार नियंत्रकाने २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात लिहिलं आहे की आठही सर्व्हरवर प्रोग्राम गेला का हे दुसऱ्या कुणी तपासलं नव्हतं, आणि तसं तपासावं असा लेखी नियमही कंपनीत नव्हता. बाजार उघडण्याआधी यंत्रणेतून या चुकीचा उल्लेख असलेल्या ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना गेल्या होत्या. त्या इशारा म्हणून वाचायच्या हेही ठरलेलं नव्हतं.

आठांतला एक, चारांतला एक. आकड्यांचा फरक सोडला तर त्यांच्या आणि आमच्या यादीत तेच भोक होतं.

त्या हंगामानंतर मी यादी मुळापासून बदलली. पहिलं काम म्हणजे ‘टीम’ हा शब्द काढून टाकला. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव, आणि तो नसेल तर कोण, तेही. ‘चारही काट्यांवर प्रोग्राम घालणे’ ही एक ओळ होती, तिच्या चार ओळी केल्या, कारण ‘चारांपैकी तीन झाले’ ही अवस्था एका ओळीत लिहिताच येत नाही, आणि जे लिहिता येत नाही ते आपण ‘झाल्यात जमा’ म्हणून मोकळे होतो. कुठलं काम कुणासाठी थांबलंय ते प्रत्येक ओळीत आलं. आणि ‘झालं’ हा शब्द बाद करून त्याचे दोन शब्द केले, ‘केलं’ आणि ‘तपासलं’. ज्याने केलं त्याने तपासायचं नाही.

‘तपासलं’च्या शेजारी ‘पुरावा’ असा रकाना आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वाद याच्यावरून झाले. बॅकअपचंच घ्या. आमच्याकडे बॅकअपची फाइल तयार झाली की लोक ‘झालं’ म्हणायचे. मी म्हटलं, फाइल असणं हा पुरावा नव्हे. ती दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवा, वजनाच्या तक्त्यात ओळी तेवढ्याच आहेत का ते मोजा, शेवटच्या खेपेचा नंबर जुळतो का बघा, मग ‘तपासलं’. “एवढा वेळ कुठाय, मॅडम?” हे मी निदान दहा वेळा ऐकलं. म्हणून रंगीत तालीम सुरू केली. कारखान्याच्या डेटाची प्रत आमच्याकडे घ्यायची, पूर्ण यादी तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवायची आणि घड्याळ लावून प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली ते लिहायचं. वेळ आहे की नाही हा मग मताचा प्रश्न राहत नाही.

तालमीतून आणखी एक आकडा हाती लागतो, तो म्हणजे परतीची वेळ. काटे पहाटे ४ ला सुरू करायचेत. बॅकअपवरून सगळं पूर्ववत करायला तालमीत ३५ मिनिटं लागली, नंतर चार काटे उघडायला १०, वर ५ हाताशी. म्हणजे मागे फिरायचं असेल तर ३ वाजून १० मिनिटांच्या आत ठरवायला हवं. त्यानंतर मागे फिरण्याचा रस्ता बंद. हा आकडा मी यादीच्या डोक्यावर लाल अक्षरात लिहिते.

दुसरी रात्र तीन हंगामांनंतरची, त्याच कारखान्यावर. जानेवारीत कारखाना क्लिनिंगसाठी थांबणार होता. शेतकी विभागाने आदल्या दिवसापासून तोडी कमी केल्या, यार्ड रिकामं होत आलं, आणि रात्री १ ते ४ काटे बंद ठेवायला व्यवस्थापनाने परवानगी दिली. या वेळी प्रत्येक खेपेवर तोडणी टोळीचा क्रमांक नोंदवायचा होता. यादीत ३४ कामं होती. ती जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर होतीच, पण यार्डात नेटवर्क जातं म्हणून छापील प्रतही घेतली. मी स्वतः गेले होते.

काम क्रमांक ९ होतं, ‘यार्डात अर्धवट खेपा शून्य’. भरलेलं वजन झालंय पण रिकामं बाकी आहे अशी खेप म्हणजे अर्धवट. पहिलं वजन जुन्या प्रोग्रामने घेतलं आणि दुसरं नव्याने, तर टोळीच्या क्रमांकाशिवाय ती खेप नवा प्रोग्राम पुरी करू देत नव्हता. म्हणून काटे बंद करायच्या आधी अशी एकही खेप राहता कामा नये. पावणेएकला स्क्रीनवर १ दिसत होता.

तो एक शोधायला मी आणि रात्रपाळीचे काटा क्लार्क काका बॅटरी घेऊन यार्डात फिरलो. थंडी चांगलीच पडली होती. मळीचा आंबूस वास हवेत बसलेला, एका कडेला पाचटाची शेकोटी, तिच्याभोवती दोघंतिघं कांबळ्यात गुंडाळलेले. गव्हाणीच्या अलीकडे, वळणावर, दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर एका बाजूला कललेला दिसला. मागच्या ट्रॉलीचं टायर बसलं होतं. चालक ट्रॉलीखाली झोपला होता. काकांनी हाक मारली तसा तो दचकून उठला. पंक्चरवाला सकाळी येणार म्हणाला, आणि गव्हाण तर बंद झालेली. ऊस आता खाली होणार नव्हता.

सोपा उपाय होता. ही खेप रद्द करायची आणि सकाळी भरलेलं वजन पुन्हा करायचं. काकाही तेच म्हणाले. पण रात्रभर उघड्यावर राहिलेला ऊस सकाळी तेवढाच भरत नाही. फरक थोड्या किलोंचा असेल, पण तो शेतकऱ्याच्या पदरातून जाणार आणि आमच्या कामासाठी जाणार. मला ते पटेना. मी तिथेच शेतकी अधिकाऱ्यांना फोन लावला. यादीत ९-अ असं नवं काम घातलं. पहिल्या पावतीवरचं भरलेलं वजन, २४,३४० किलो, नोंदवहीत हाताने लिहायचं, काका आणि शेतकी अधिकारी दोघांनी सही करायची, काटे सुरू झाल्यावर टोळीच्या क्रमांकासह त्याच वजनाने खेप उघडायची. कोण करणार, काकांचं नाव. कोण तपासणार, माझं.

आमचं बोलणं चालकाला अर्धवटच कळलं असावं. तो जवळ आला. “ताई, वजन ऱ्हाईल न्हवं माझं?”

“राहील, भाऊ. ही पावती जपून ठेवा, रिकामं वजन करताना हीच दाखवायची.”

त्याने पावती घडी घालून टोपीच्या आत ठेवली.

१ वाजता काटे बंद झाले. बॅकअप, बॅकअपची तपासणी वेळेत झाली. काम १४ होतं तक्त्यात रकाना वाढवण्याचं, ते १ वाजून ५२ मिनिटांनी फसलं. ते फसावं अशीच आम्ही सोय केली होती. पोस्टग्रेसला, म्हणजे आमच्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरला, असा बदल करायला त्या तक्त्याचा क्षणभर पूर्ण ताबा लागतो. कुणी तोच तक्ता वाचत बसलं असेल तर बदल रांगेत थांबतो, आणि त्याच्यामागून येणारी साधी वाचनंही थांबून राहतात. म्हणून पाच सेकंदांत ताबा मिळाला नाही तर मागे हट, असं आधीच सांगून ठेवलं होतं. डेटाबेसवाल्या सहकाऱ्याने उघड्या जोडण्यांची यादी काढली. शेतकी कार्यालयातला एक संगणक संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांपासून तो तक्ता धरून बसला होता. इथून जोडणी तोडणं एका ओळीचं काम होतं. पण पलीकडे कुणी काही भरत असेल तर? रात्रपाळीच्या मदतनीसाला फोन केला, तो जाऊन बघून आला. खोली रिकामी, स्क्रीनवर एक अहवाल तसाच उघडा. त्याने तो बंद केला. २ वाजून ४ मिनिटांनी परत चालवलं, एका सेकंदाच्या आत झालं. बारा मिनिटं गेली, पण लाल अक्षरातली वेळ अजून लांब होती, म्हणून कुणाचाही आवाज चढला नाही.

मग चार काटे, चार ओळी. काटा ३ च्या केबिनची चावी मी संध्याकाळीच काकांकडून घेऊन ठेवली होती. शिवाय या वेळी जुनी आवृत्ती कुठे राहिलीच तर सर्व्हर तिला आत घेणार नव्हता, आणि पावतीच्या तळाला बारीक अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक छापला जात होता. पुरावा म्हणून कारखान्याची जीप चारही काट्यांवरून न्यायची, आणि काट्याच्या इंडिकेटरवरचा, स्क्रीनवरचा आणि पावतीवरचा आकडा एकच आहे याचा फोटो काढायचा. पहिल्या तीन काट्यांवर तिन्हीकडे १,६८०. काटा ४ वर इंडिकेटर १,६८०, स्क्रीनवर शून्य. इंडिकेटर संगणकाला ज्या पोर्टने जोडलेला असतो, त्याचा क्रमांक तिथे चुकीचा पडला होता. चार मिनिटांत दुरुस्त झालं, जीप परत फिरवली, तीन आकडे जुळले. त्या काट्यावर प्रोग्राम घालणाऱ्या मुलाने ‘केलं’ लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. प्रोग्राम घातलेला होता, उघडत होता. फक्त वजन येत नव्हतं.

३ वाजून २ मिनिटांनी मी तिघांना एकेकाचं नाव घेऊन विचारलं, पुढे की मागे. ‘सगळे तयार ना’ असं घोळक्याला विचारलं की कुणी नाही म्हणत नाही, हा अनुभव आहे. तिघंही पुढे म्हणाले. ४ ला काटे उघडले. साडेनऊला पंक्चर निघालेला ट्रॅक्टर गव्हाणीवर गेला, नंतर रिकामा होऊन काट्यावर आला. चालकाने टोपी काढून पावती पुढे केली.

दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीतून विचारणा झाली, काम पूर्ण दाखवायचं का? ३४ पैकी ३३ तपासून झाली होती. मी नाही म्हटलं. चौतिसावं काम होतं, ‘नव्या नोंदींवरून पहिल्या पंधरवड्याचं बिल’. वजन नीट पडलं आणि बिलात ते भलतीकडे गेलं तर काट्यावरच्या जिपेच्या फोटोंचा शेतकऱ्याला काय उपयोग? आठवडाभर ती एक ओळ उघडी राहिली. दोनदा आठवण करून देणाऱ्या मेल आल्या, दोन्हींना मी तेच उत्तर दिलं.

१७ जानेवारीला बिल निघालं. मी पुण्यातून कारखान्याच्या हिशेबनिसांना फोन केला, खेपेचा नंबर सांगितला. त्यांनी पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते वाचू लागले, “भरलेलं चोवीस हजार तीनशे चाळीस. रिकामं सहा हजार सातशे ऐंशी. निव्वळ सतरा हजार पाचशे साठ. टोळीचा नंबर आहे. पुढची सांगू?” मी आणखी नऊ खेपा वाचून घेतल्या, माझ्याकडच्या पावत्यांच्या फोटोंशी ताडून पाहिल्या. ३४ समोर ‘केलं’च्या खाली त्यांचं नाव आधीच होतं. ‘तपासलं’च्या खाली मी माझं लिहिलं, वेळ घातली, सकाळी ११ वाजून २० मिनिटं.